आडव्या माणसाला आधी विचारा

बाई वर्गात आल्या की थेट पलंगावर जाऊन झोपायच्या.

हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी नर्सिंग शिकले, २०१३ च्या सुमारास. तिथे एक खोली हॉस्पिटलच्या वॉर्डासारखी मांडलेली होती. ओळीने पलंग, पलंगांवर रबरी पुतळे, पुतळ्यांच्या दंडात सलाईनच्या नळ्या. खिडकीजवळचा पलंग मात्र रिकामा असायचा. तो बाईंचा. बाई अंगातल्या कपड्यांवरूनच पेशंटचा मागून बांधायचा झगा चढवायच्या, चष्मा काढायच्या, खालची कवळी काढून पेल्यात ठेवायच्या आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून बोळक्या तोंडाने म्हणायच्या, "हं. मी म्हातारी आहे, मी जेवत नाहीये, आणि माझ्या मुलीचं म्हणणं आहे की नाकातून नळी घाला. करा चर्चा."

आमचा विषय होता नैतिक निर्णय. म्हणजे पेशंटच्या बाबतीत काय करणं योग्य आणि काय अयोग्य, हे नर्सने कसं ठरवायचं. पहिल्या दिवशी आम्ही जोरात चर्चा केली. पुस्तकातले मोठे मोठे शब्द काढले. कुणी मुलीची बाजू घेतली, कुणी डॉक्टरची, कुणी कायद्याची. बाई छताकडे बघत पडून होत्या. शेवटी उठून बसल्या.

"झालं? एवढा वेळ माझ्या अंगावरून बोलताय. मी का जेवत नाही हे एकानेही मला विचारलं नाही."

एक मुलगी घाबरत म्हणाली, "का जेवत नाही तुम्ही?"

"कवळी टोचते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

'आडव्या माणसाला आधी विचारा.' हे त्यांचं वाक्य. फळ्यावर कधी लिहिलं नाही, पण वर्षभर ऐकवलं.

त्यांना मी बाई का म्हणते, तेही सांगते. इथे शिक्षकांना सरळ नावाने हाक मारतात. माझ्याच्याने ते होईना. माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी मोठी बाई, तिला एकेरी नावाने कशी हाक मारू? मी मॅडम म्हणायचे. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, जणू तिथे कुणी मॅडम उभी आहे. मग मी काहीच म्हणेनाशी झाले, नुसती "एक्सक्यूज मी" करायची. एकदा त्यांनी धरलंच मला. "तुमच्याकडे शाळेत शिकवणारीला काय म्हणतात?" मी म्हटलं, बाई. "मग तेच म्हण की. मला मॅडम होण्यापेक्षा ते बरं." तेव्हापासून सगळा वर्ग त्यांना बाई म्हणायचा. सामोअन मुली तर असा छान ठसका देऊन म्हणायच्या की कऱ्हाडच्या शाळेत खपल्या असत्या.

बाई देशाच्या अगदी दक्षिण टोकाकडच्या. तिकडचे लोक र चांगला घोळवून म्हणतात. बाकीच्या किवी मास्तरांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं, पण बाईंचं अक्षर न् अक्षर कळायचं. मला वाटतं, मी पास झाले त्यात या 'र'चा वाटा मोठा आहे.

उंच, सुकलेल्या शेंगेसारख्या. केस स्वतःच्या हाताने कापायच्या आणि ते कळायचं. थंडीतसुद्धा सकाळी समुद्रात डुंबून यायच्या, आणि पोहायचे कपडे, ज्याला इथे टॉग्ज म्हणतात, ते वर्गातल्या सलाईनच्या स्टँडवर वाळत घालायच्या. आमच्या आधी त्या खोलीत इंजेक्शनचा तास असायचा. तो घेणाऱ्या मास्तरांना ओल्या टॉग्जचा फार राग. ते काढून फेकायचे, बाई पुन्हा घालायच्या. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत.

वर तक्रारीही गेल्या. शिक्षकाने वर्गात पलंगावर झोपणं शोभत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. बाई म्हणाल्या, बरं. पुढच्या तासाला त्या जमिनीवर झोपल्या. आम्ही सगळे भोवती उकिडवे बसून चर्चा करत होतो, तेवढ्यात वरचे साहेब कुणा पाहुण्यांना घेऊन खोली दाखवायला आले. त्यानंतर पलंगाबद्दल कुणी काही बोललं नाही.

मार्क द्यायला मात्र कंजूष. आमच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने निबंध लिहिला होता, तो वाचून मला वाटलं, आपण घरी जावं आणि भाकऱ्या थापाव्यात. बाईंनी त्याच्या निबंधाखाली एवढंच लिहिलं, 'उत्तम. पेशंटचं नाव काय?' आणि नापास केला. तो रडला. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा पेशंटला नाव होतं, एक कुत्रा होता आणि कुत्र्याला कोण सांभाळणार ही काळजी होती. पास.

मलाही सोडलं नाही त्यांनी. एकदा विचारत होत्या, चूक काय नि बरोबर काय हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं? कुणी चर्च म्हणालं, कुणी आजी. मी ताठ मानेने सांगितलं, "माझे वडील गवंडी आहेत. ओळंबा लावल्याशिवाय ते वीट ठेवत नाहीत. भिंत वाकडी निघाली तर पाडतात, मालक राहू दे म्हणाला तरी." मला वाटलं, आता शाबासकी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि वडिलांबद्दल इंग्रजीत एवढं बोलले होते!

बाई म्हणाल्या, "भिंतीला ओळंबा चालतो. भिंत कधी म्हणते का, मला वाकडंच राहायचंय म्हणून? माणूस म्हणतो."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांना ते कळलं, पण त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी पलंगावर दोन रंगांच्या उश्या होत्या. एका मुलीने गडबडीत पायाखालची उशी उचलून बाईंच्या डोक्याखाली सारली. मी ओरडलेच, "अगं, ती पायाची!" माओरी लोकांत डोकं पवित्र मानतात, म्हणून इथे हॉस्पिटलात डोक्याची आणि पायाची उशी वेगळी ठेवतात. बाईंनी विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, उशीला पाय लागला तर आमची आई पाठीत धपाटा घालायची. बाई उठून बसल्या आणि संपूर्ण तास मला बोलायला लावलं. पायरीवर बसू नये, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, झाडणी उभी ठेवू नये. माओरी मुली माना हलवत होत्या, "आमच्याकडेही! आमच्याकडेही!" या देशात मला आधीपासून काहीतरी येतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आता आजींची गोष्ट. बाई मला खऱ्या कळल्या त्या तिथे.

शेवटच्या वर्षी आम्हाला हॉस्पिटलात वॉर्डावर काम करायला पाठवायचे आणि बाई आमच्यावर देखरेखीला असायच्या. माझ्या वॉर्डात एक मराठी आजी आल्या. साताऱ्याकडच्या. मुलगा आयटीत, ऑकलंडच्या पापाटोएटो भागात स्वतःचं घर. आजींचा साखरेचा आजार जुना, उजव्या पावलाला जखम झाली, ती चिघळली, बोटं काळी पडली. मला बघून आजी खूश झाल्या.

"कुठली गं तू?"

"कऱ्हाडची."

"मग आपलीच की! लग्न झालंय? नवरा काय करतो? इथल्या चहात काही दम नाही बघ."

सर्जन राउंडला आले तेव्हा मी शेजारीच ब्लडप्रेशर घेत होते. दुभाष्या बोलवायचा का, असं त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, गरज नाही, मी आहे ना. सर्जननी सावकाश, नीट समजावलं. पाय वाचत नाही. घोट्याच्या वरून काढावा लागेल, तोही उद्याच, नाहीतर विष अंगात पसरेल.

मुलगा आईकडे वळून म्हणाला, "आई, ते म्हणतायत, जखम साफ करणार. उद्या छोटंसं ऑपरेशन आहे."

"करा की," आजी म्हणाल्या आणि सर्जनकडे बघून मान हलवली. सर्जननीही मान हलवली. ठरलं.

मग नर्सने एक प्रश्न विचारला. इथे तो सगळ्यांना विचारतात, कारण माओरी माणसं शरीराचा काढलेला भाग घरी नेऊन मातीत ठेवतात. ती अगदी मायेने म्हणाली, "काढलेला पाय तुमच्या आईंना परत हवा आहे का?"

मुलाचा चेहरा उतरला. आईकडे न बघताच तो घाईघाईने म्हणाला, "नो, नो. नथिंग."

"काय म्हणतेय रे ती?" आजींनी विचारलं.

"चहा हवाय का विचारतेय."

"आण म्हणावं. साखर घालून. एक दिवस काही होत नाही."

आजी नर्सकडे बघून हसल्या. नर्सही हसली. माझ्या हातातला ब्लडप्रेशरचा पट्टा तसाच राहिला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं मराठी कळलंय, हे त्याच्या लक्षात आलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने मला गाठलं. "हे बघ, तू आपली आहेस. आईला आत्ता सांगितलं तर ती खचेल. नाहीच म्हणेल. ऑपरेशन झालं की मी सांगतो सावकाश. प्लीज, मध्ये पडू नकोस."

"दादा, उद्या त्या उठतील आणि पाय नसेल."

"पण जिवंत तर असेल!" त्याचा आवाज फाटला. मग हळू म्हणाला, "गणपतीला माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये आपण सगळेच भेटणार आहोत. विचार कर."

धमकी होती की विनवणी, अजून सांगता येत नाही. मला दोन्ही लागल्या. ऑकलंडमध्ये मराठी माणसं तशी मोजकी. सुट्टीत भाजी पोचवणारी, आजारपणात पोर सांभाळणारी तीच. आणि मी अजून साधी विद्यार्थिनी. दुभाष्याचं काम करायची मला मुभा नव्हती.

बाई खालच्या कँटीनमध्ये पाय खात होत्या, म्हणजे त्या नावाचा इथला पदार्थ, मटणाचं सारण भरलेली मोठी कचोरीच. मी सगळं एका दमात सांगितलं. "मी जाऊन सांगू का आजींना?"

"तू कोण आहेस तिथे?"

"विद्यार्थिनी."

"मग नाही सांगायचंस. तू चुकीचं सांगितलंस, घाईत सांगितलंस, तर ती कुणाला विचारणार? पण तू ऐकलंयस. ऐकलेलं पोटात ठेवणार आहेस का?"

"दादा म्हणतात, आई खचतील."

"खचेल कदाचित," बाई म्हणाल्या. "पण खचायचं की नाही, हे त्याने का ठरवायचं? आणि एक ध्यानात ठेव. खचलेल्या माणसाला धरता येतं. फसवलेल्याला धरायला जा, तो हात झटकतो."

"आणि त्या ऑपरेशनला नाही म्हणाल्या तर? त्यात गेल्या तर?"

बाईंनी खाणं बाजूला सारलं. "तर आपल्याला फार वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. त्यापलीकडे काही नाही. मला धीर देतील म्हणून मी थांबले, पण त्या उठल्या. "चल. तू तुझं काम कर. मी जरा त्याच्याजवळ बसते."

मी वॉर्डाच्या मुख्य नर्सकडे गेले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिने लगेच फोन उचलला. सर्जनना निरोप गेला, फोनवरून बोलणारा मराठी दुभाष्या मिळाला, दुपारची वेळ ठरली.

तोवर बाई कॉरिडॉरमध्ये त्या मुलाशेजारी बसल्या होत्या. मला वाटलं, त्याला नीतीचे धडे देत असतील. मी औषधांची ट्रॉली घेऊन जाता-येता कानावर पडलं ते वेगळंच. बाई विचारत होत्या, "तुझी आई काय काय करते?" आणि तो सांगत होता. वडील लवकर गेले. आईने शिवणकाम करून शिकवलं. एकटी विमानात बसून आली, वाटेत सिंगापूरला विमान बदललं, इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना. इथे शेजारच्या टोंगन बाईला पुरणपोळी शिकवली, नुसत्या खुणांनी. बोलता बोलता तो हसायला लागला. बाई म्हणाल्या, "एवढं सगळं सोसलेल्या बाईला एक वाईट बातमी सोसणार नाही, असं तुला का वाटतं?" तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. बाई उठल्या नाहीत.

दुपारी आजींच्या उशाशी फोन ठेवला. कुणी मुंबईकडचा गृहस्थ होता, स्वच्छ मराठीत एकेक वाक्य सांगत गेला. आजी फोनकडे बघत ऐकत होत्या, जणू तो माणूस त्या डबीत बसलाय. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली.

"मी तुझी आई आहे की तुझी लेक?"

मग आजींनी प्रश्न सुरू केले. नाही काढला तर काय होईल? काढल्यावर चालता येईल का? जिना चढता येईल? लाकडी पाय असतो की कसला? सर्जन खुर्ची ओढून खाली बसले आणि एकेकाचं उत्तर देत राहिले. शेवटी आजी म्हणाल्या, "मला आधी बघू दे. इतके दिवस तुम्हीच बघताय, पट्टी बांधताय. मला कुणी दाखवलाय का?"

खरंच कुणी दाखवला नव्हता. नर्सने हळूहळू पट्टी सोडली. आजींनी मला खूण केली, मी त्यांना उठवून बसवलं. काळं पडलेलं ते पाऊल त्यांनी बराच वेळ पाहिलं. रडतील असं वाटलं. त्यांनी हात लांब करून पावलाला बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली.

"काढा," म्हणाल्या.

नर्सने तो प्रश्न पुन्हा विचारला, दुभाष्याने मराठीत सांगितला. आजी चकित. "म्हणजे? नाहीतर देणार नव्हते की काय? माझाच आहे ना?"

मुलगा म्हणाला, "आई, घेऊन काय करायचं? अग्नी द्यायचा का?"

"अग्नी माणूस गेल्यावर देतात. मी कुठे गेलेय? मातीत ठेवा." एवढं बोलून आजी मागे टेकल्या. "आणि सकाळपासून चहा सांगितलाय, त्याचं काय झालं?"

ऑपरेशन नीट झालं. आजी महिनाभर हॉस्पिटलात होत्या, नव्या पायासाठी माप देऊन घरी गेल्या, आणि मग एका रविवारी मुलाचा मला फोन आला. "आज ठेवतोय मातीत. आई म्हणते, तू ये. आणि त्या तुझ्या बाईंनाही आण."

विद्यार्थ्यांनी पेशंटच्या घरी जाणं नियमात बसतं का, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी निवृत्ती शुक्रवारी झाली. आता मी कुणाच्याही घरी जाऊ शकते." त्या स्वतःची कुदळ घेऊन आल्या.

परसात आजी चाकाच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. लिंबाच्या झाडाखाली जागा मऊ होती, पण सून ठाम होती. "लिंबाखाली अजिबात नको. उद्या कुणी उकरलं तर म्हणतील करणी केली!" बाईंना मी ते समजावून सांगितलं. त्यांना पटलं. तीन जागा बघून शेवटी कुंपणाजवळचा कोपरा ठरला, जिथे ऊन जास्त वेळ राहतं. बाई खणायला लागल्या.

"खोल खणायला सांग तिला," आजी म्हणाल्या. "शेजाऱ्याचं कुत्रं आगाऊ आहे."

बाई कमरेतून वाकून खणत राहिल्या. घामाघूम झाल्या. मुलाने येऊन त्यांच्या हातातून कुदळ घेतली, तेव्हा बाजूला झाल्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते पुडकं मुलाने दोन्ही हातांनी उचललं.

"नीट ठेव रे," आजी म्हणाल्या. इतका वेळ खणखणीत असलेला आवाज पहिल्यांदा हलला. "उजवा आहे तो. तुझ्या बापाच्या घरात आले तेव्हा याच पायाने माप ओलांडलं होतं."

मुलगा पुडकं खड्ड्यात ठेवून तिथेच बसून राहिला. मी बाईंना सांगितलं, आजी काय म्हणाल्या ते. नव्या नवरीने उंबऱ्यावरचं धान्याचं माप उजव्या पायाने लवंडून घरात यायचं, हेही सांगितलं. बाई गुडघ्यांवर बसल्या, मुलाबरोबर हातांनी माती लोटली, ओंजळीने सारखी केली. मग कोपऱ्यातली झारी उचलून आजींच्या खुर्चीपाशी आल्या, वाकल्या आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना. पाणी घालू का?"

आजींनी थोडा विचार केला.

"घाल म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण हळू. आत्ताच निजलाय."